फुटलेली क्लाउड की आपोआप बंद करण्याची व्यवस्था

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांचे ॲप सांभाळणाऱ्या एखाद्या छोट्या चमूकडून ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या भाड्याच्या सर्व्हरसेवेची ॲक्सेस की (खात्यात शिरू देणारी सांकेतिक किल्ली) गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक कोडमध्ये गेली, तर ‘एकेआयए’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या अशा की हुडकणारे हल्लेखोरांचे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) कोणी जागे होण्याची वाट पाहत नाहीत. की आढळल्यास ॲमेझॉन संबंधित वापरकर्त्यावर काही निर्बंध लादते आणि खात्यातील अडचणी कळवणाऱ्या आपल्या हेल्थ सेवेत सूचना नोंदवते. परंतु हे निर्बंध अपुरे असल्याने पुढचे काम आपणच लावून ठेवावे.

त्यासाठी इव्हेंटब्रिजमध्ये, म्हणजे एखादी घटना घडताच ठरलेले काम सुरू करणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेत, या सूचनेचा नियम करावा. सर्व्हर मुंबईत असले तरी नियम ॲमेझॉनच्या अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया विभागात हवा, कारण आयएएमसारख्या (वापरकर्ते व त्यांचे अधिकार सांभाळणाऱ्या) जागतिक सेवांच्या सूचना तिथे येतात. नेमके हेच अनेकांच्या नजरेतून सुटते. नियमाने लॅम्डा फंक्शन (गरजेपुरताच चालणारा छोटा कोड) चालवावे आणि त्या फंक्शनने की निष्क्रिय करून, क्लाउडट्रेल या खात्यातील नोंदवहीमधून तिच्या हालचाली गोळा करून, एसएनएस या संदेशसेवेमार्फत चमूला कळवावे. तपास संपेपर्यंत की डिलीट न केलेली बरी.

कोडमधील ओळ खोडून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (कोडच्या आधी जतन केलेल्या आवृत्तीत) की राहतेच. शिवाय त्या कीने आधीच मिळवलेली तात्पुरती क्रेडेन्शियल्स (ठरावीक वेळेपुरते प्रवेश-परवाने) चालू राहू शकतात. त्यांना वेगळी मनाई लावावी आणि आपण कधीही न वापरलेल्या विभागांतही अनोळखी सर्व्हर शोधावेत.