निवेदनाआधी वही भरा

पुढच्या महिन्यात आपली युनियन ग्रामपंचायतींच्या ब्रॉडबँडच्या मागणीसाठी साहेबांकडे पुन्हा शिष्टमंडळ नेणार आहे, म्हणून ठाण्यातल्या साथींसाठी हे लिहितो आहे. बॅनर, झेंडे, पाणी, पोलिसांचं परवानगीपत्र हे सगळ्यांना पाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

वही घ्या. जाड पुठ्ठ्याची, एका पानावर एकच ग्रामपंचायत. मागच्या वेळी वही नव्हती. आम्ही शहापूर-मुरबाडची गावं धडाधड सांगितली, साहेबांनी यादी पुढे केली आणि प्रत्येक नावापुढे ‘जोडलेली’ असं लिहिलेलं दाखवलं. फायबर पोचली म्हणजे जोडणी चालू आहे असं नाही, हे आम्हाला माहीत होतं. दाखवायला मात्र कागद नव्हता. दोन महिन्यांची मेहनत त्या टेबलावर वाया गेली.

म्हणून गावात जा. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, जिथलं नाव निवेदनात येणार तिथे स्वतः जा. रविवारी जाऊ नका, ग्रामपंचायतीला कुलूप असतं. आसनगावपर्यंत लोकल, पुढे एसटी किंवा जीप. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी धरा. कार्यालयातल्या इंटरनेटच्या डब्यावरचे दिवे बघा. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर सिग्नलच येत नाही, बहुधा केबल कुठेतरी तुटली आहे. एकही दिवा नसेल तर आधी वीज बघा. दोन्हींची दुरुस्ती वेगळी, म्हणून नोंदही वेगळी. वेग मोजताना मोबाइलचा डेटा बंद ठेवा, नाहीतर टॉवरचा वेग वहीत चढेल आणि अख्खी वही खोटी ठरेल. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) वेग अशी आहे, आकडा त्याच्याशी ताडून लिहा. तारीख लिहा. वेळ लिहा. ग्रामसेवकाची (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) सही घ्या, शिक्का असेल तर शिक्काही. सहीशिवाय गाव सोडू नका.

सातबारा काढायला तालुक्याला जावं लागणाऱ्या, रेशनवर अंगठा लागत नाही म्हणून दोनदा परत फिरलेल्या माणसांशीही बोला. दोन ओळी त्यांच्या शब्दांत, त्याच पानावर.

निवेदन दोन पानांचंच ठेवा. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना, तेव्हाचं नाव एनओएफएन (नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क), २०१५ पासून भारतनेट, ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटींची मंजुरी, हे एका परिच्छेदात बसतं. कर्मचाऱ्यांची मागणी वेगळी काढू नका, याच्यातच घाला: ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त जण स्वेच्छानिवृत्तीने गेले. केबल तुटली तर जोडायला माणूस लागतो, आणि तो कायम नोकरीतला हवा. हे ठासून मांडा.

वहीच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स निवेदनाला जोडा. मूळ वही हातात ठेवा, टेबलावर सोडू नका.

बाकी थोडक्यात. बोलणारे तिघेच. कोर्टनाक्याला साडेदहाला जमायचं. आत फोन सायलेंट. निवेदनाच्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. निघण्याआधी आदल्या रात्री वही उघडून बघा, एखाद्या पानावर सही राहिली असेल तर ते गाव निवेदनातून काढा.