कढीपत्त्यावरच्या अळीचं तोंड कुठे आहे?

अळीच्या खांद्यावरचे ते दोन मोठे डोळे खोटे. पहिला आख्खा सीझन मी फोटो काढताना त्यांच्यावरच फोकस मारत बसलो होतो! खरं डोकं त्यांच्या पुढे, खाली दुमडलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक बाजूला सहा बारीक ठिपक्यांसारखे डोळे. हे खरे डोळे फोटोत यायला हवे असतील तर कॅमेरा पानाच्या पातळीला आणा, वरून नको.

फांदी कपड्याच्या चिमट्याने काठीला पकडा, नाहीतर वारा वाट लावतो. माझं सेटिंग: १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स), एफ/११ (लेन्सचं छिद्र बारीक), शटर १/२०० सेकंद, प्रकाश मऊ व्हावा म्हणून फ्लॅशवर दुधाची धुतलेली पांढरी पिशवी. इतक्या जवळून जेमतेम एक-दोन मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून ऑटोफोकस बंद, श्वास रोखून स्वतःच किंचित पुढेमागे डुलायचं. दहातला एखादाच फोटो जमतो.

बाजूने घेताना अंगावरची श्वासछिद्रं शोधा: एका बाजूला नऊ, पहिलं छातीवर, बाकी आठ पोटावर. पुढचे सहा पाय टोकदार, खरे. मागचे गुबगुबीत, आकड्यांनी पकडणारे. हे आकडे टिपायला अळीला स्वच्छ काचेवर चालू द्या आणि खालून फोटो घ्या. बायको म्हणते, फ्रेमची काच परत धुऊन ठेव.

डोक्यामागून दुशिंगी, उग्र वासाचा अवयव बाहेर आला तर ती घाबरली आहे. फोटो भारी येतो, पण त्यासाठी मुद्दाम टोचू नका. अळी परत त्याच फांदीवर सोडा.