२५ मिनिटं, एकच काम

एखादं कंटाळवाणं काम सकाळपासून पुढे ढकलताय? २५ मिनिटांचा टायमर लावा आणि तेवढा वेळ फक्त तेच करा. मग ५ मिनिटं उठायचं. अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लोने विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर वापरून ही पद्धत बसवली, म्हणून नाव ‘पोमोडोरो’, म्हणजे टोमॅटो.

खरी गोची असते ती ‘जरा एक मिनिट हं’ म्हणत येणाऱ्यांची. त्यांना ‘दहा मिनिटांत येतो’ सांगा. मध्येच वीजबिल आठवलं तर कागदावर टिपा आणि पुन्हा कामाला लागा. टायमर मात्र मोबाइलवर नको. तो हातात घेतला की व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच म्हणून समजा.