मोबाईल-लॅपटॉपची बॅटरी जास्त वर्षं टिकवायची असेल तर

नवीन फोन घेतला की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लाव आणि पूर्ण उतरल्याशिवाय परत लावू नकोस. हे नियम जुन्या निकेलवाल्या बॅटऱ्यांच्या काळातले, आताच्या फोन-लॅपटॉपमधल्या लिथियम-आयन बॅटरीला ते लागू नाहीत, उलट रोज शून्यावर नेली तर ती लवकर खराब होते. २०-३० टक्के उरले की लावा, ८० च्या आसपास काढा, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं लावलं तरी चालतं कारण अर्धं-अर्धं दोनदा केलं की मिळून एकच सायकल, म्हणजे १०० टक्क्यांचा एक पूर्ण वापर, मोजतात.

पण सगळ्यात जास्त वाट लावते ती गरमी, आणि त्यात बॅटरी फुल असली तर अजूनच. फुल चार्जला नेहमीच्या सेलचा व्होल्टेज ४.२ व्होल्टपर्यंत जातो, तेव्हा आतलं रसायन हळूहळू खराब होत असतं आणि उष्णतेने तो वेग वाढतो. त्यामुळे मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे ४५ डिग्रीत गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून, मॅप चालू, वर चार्जिंगपण चालू, हे अजिबात करू नका. उशीखाली ठेवून चार्जिंग नको. फोन तापला तर चार्जर काढा, कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा, फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत पाणी धरतं.

रात्रभर लावला तर ओव्हरचार्ज होत नाही, फोन स्वतःच थांबवतो, पण मग तासन् तास १०० वरच बसून राहतो. त्यावर सोपा उपाय आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोन १५ पासून पुढे ८० टक्क्यांची लिमिट सेटिंगमध्ये मिळते, ती चालू करा. घरून काम करणाऱ्यांचा लॅपटॉप तर दिवसभर प्लगलाच असतो, त्यांनी ही लिमिट शोधाच, खूप फरक पडतो. प्रवासाच्या आदल्या रात्री १०० करा की, कधीतरी चालतं.

जुना फोन, कॅमेरा, ट्रिमर कपाटात ठेवायचा असेल तर साधारण अर्धा चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बघत जा. रिकामा ठेवला तर सेल इतका खाली जातो की परत चार्जच घेत नाही.

आणि हे प्लीज सिरियसली घ्या, फोनचं मागचं झाकण उचललं गेलं किंवा लॅपटॉपचा टचपॅड वर आला तर बॅटरी फुगलीय, आत गॅस झालाय. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टाचणीने तर मुळीच टोचू नका, आग लागते. सर्व्हिस सेंटरला न्या. जुनी बॅटरी घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा ती पेटू शकते आणि तिथे काम करणाऱ्या माणसांच्या जिवावर बेततं, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.