चौकातली कोंडी मोजायची कशी आणि कागदावर आणायची कशी

"आमच्या चौकात फार गर्दी होते, काहीतरी करा" असा अर्ज नागपूर मनपाच्या झोन ऑफिसात दिला की शिक्का बसतो, पोच मिळते आणि विषय तिथेच थांबतो. असल्या वाक्यावर कोणता अभियंता काय करणार? "सायंकाळी ६ ते ७ या वेळात सिग्नलच्या २० फेऱ्यांपैकी १४ वेळा हिरवा दिवा संपला तरी वाहने मागे उरली" असे लिहिले, तर ते खोडून काढायला कोणाला तरी येऊन मोजावे लागते. आणि मोजायला माणूस आला की कारणही त्याच्या नजरेला पडते. चार-सहा जण, दोन मोबाइल आणि एक टेप एवढ्यावर हे काम दोन दिवसांत होते. बरेचदा शेवटी कळते की दोष सिग्नलमध्ये नव्हताच, तो कोपऱ्यावरच्या इमारतीत होता.

आधी रस्ता कोणाचा ते ठरवा. नागपुरात एकाच चौकाला मिळणारे चार रस्ते चार वेगळ्या खात्यांचे असू शकतात: मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग. वर मेट्रोचा मार्ग असेल तर खांबाभोवतीच्या दुभाजकाचे काम आणखी कोणाकडे असते. मनपाच्या १० झोनपैकी तुमच्या झोनच्या कनिष्ठ अभियंत्याला फक्त एवढेच विचारा की या रस्त्याची दुरुस्ती कोण करते. "नो पार्किंग", एकेरी मार्ग, जड वाहनांना बंदी या गोष्टी मनपाच्या एकटीच्या हातात नसतात. त्यासाठी वाहतूक पोलिसांची मोटार वाहन कायद्याखालची अधिसूचना लागते. म्हणून अर्जाच्या प्रती सुरुवातीपासून दोन्हीकडे द्याव्या लागतात.

दिवस निवडण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे बरे, पण आठवडी बाजाराचा वार टाळा. (इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही पेठांची नावेच सांगतात की इथे बाजार कशा वारांनी भरत आले.) तुमची तक्रारच बाजाराबद्दल असेल तर तो दिवस वेगळा मोजा, दोन्ही आकडे मिसळू नका. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असताना सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडचे आकडे काही कामाचे नसतात. अर्धे रस्ते वळवलेले, त्यात मोर्चे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, दसऱ्याला दीक्षाभूमी, जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना असेल तेव्हा वर्धा रोड, हेही सोडा. मे महिन्यात शाळा बंद असतात आणि उन्हामुळे काही चौकांतले सिग्नल दुपारी बंद ठेवतात, तेव्हा त्या आकड्यांची तुलना कशाशीच होत नाही. जुलै-ऑगस्टमधला कोरडा दिवस किंवा जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात चांगला. सकाळी ९ ते ११.३० आणि सायंकाळी ५.३० ते ८.३० असे दोन सत्र घ्या.

रस्त्याची रुंदी आदल्या रविवारी पहाटे ६ ला मोजा, वाहने नसतात तेव्हा. दोन आकडे लागतात: काठापासून काठापर्यंत कागदावरची रुंदी, आणि थांबारेषेपाशी वाहनांना खरोखर मिळते ती. दुसरा आकडा गर्दीच्या वेळी घ्यायचा असतो. भर वाहतुकीत टेप धरायला जाऊ नका; पहाटेच काठावर खडूने दर अर्ध्या मीटरला खुणा करून ठेवा आणि सायंकाळी कडेला उभे असलेले ऑटो, हातगाडी, दुचाक्या कितव्या खुणेपर्यंत येतात ते फोटोत घ्या.

मोजणीसाठी मोबाइल दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लावा, घरमालकाला विचारून. खालून घेतलेल्या चित्रात बसच्या आड दहा दुचाक्या लपतात. ७२० पिक्सेलचे चित्रण पुरते. तीन तासांना साधारण १० जीबी जागा मोकळी ठेवा आणि पॉवर बँक जोडा. ऊन थेट पडत असेल तर फोन तापून मधेच बंद पडतो, म्हणून वर पुठ्ठा धरा. सायंकाळी कॅमेऱ्याची दिशा अशी असू द्या की समोरून येणाऱ्या हेडलाइट थेट भिंगात शिरणार नाहीत; नाहीतर साडेसातनंतर पांढऱ्या ठिपक्यांशिवाय काही दिसत नाही. मोजणी झाली की चित्रण पुसून टाका. लोकांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर असलेली फीत वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नसते.

आता संगणकाकडून मोजून घेण्याबद्दल. फुकट मिळणारी वाहन ओळखणारी मॉडेल आहेत आणि ती वापरायला हरकत नाही, पण त्यांतली बहुतेक ज्या चित्रसंग्रहावर शिकलेली आहेत त्यात ऑटो हा प्रकारच नाही. त्यामुळे ऑटो कधी कार होतो, कधी ट्रक, ई-रिक्षाचेही तेच. शिवाय स्कूटरवरचा माणूस वेगळा "माणूस" म्हणून मोजला जातो आणि पादचाऱ्यांचा आकडा फुगतो. म्हणून पहिली १५ मिनिटे हाताने मोजा आणि संगणकाच्या आकड्याशी प्रकारवार ताडा. कुठल्याही प्रकारात १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर पूर्ण मोजणी हातानेच करा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, या जुन्या पद्धतीला अजून कोणी हरवलेले नाही. गूगल मॅप्सचा लाल रंगही पुरावा म्हणून जोडू नका. तो वाहने हळू चालली आहेत एवढेच सांगतो, किती आहेत ते नाही. मधेच कोणी गाडी आडवी लावली तरी पट्टा लाल होतो.

चार रस्त्यांच्या चौकात १२ हालचाली असतात: प्रत्येक रस्त्यावरून डावीकडे, सरळ, उजवीकडे. दर १५ मिनिटांना नवा रकाना. सगळ्या वाहनांची नुसती बेरीज करू नका, कारण एक बस आणि एक मोपेड सारखी जागा खात नाही. भारतीय रोड काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या मानकात प्रत्येक वाहनाला पीसीयू म्हणजे "इतक्या कारएवढे" असा भार दिला आहे, आणि तो त्या प्रकाराचे प्रमाण किती यावर बदलतो. कार १. दुचाकी एकूण वाहनांच्या १० टक्क्यांवर असली तर ०.७५. ऑटो ५ टक्क्यांपर्यंत १.२, १० टक्क्यांवर २. बस-ट्रक थोडे असले तर २.२, जास्त असले तर ३.७. सायकल ०.४ ते ०.५.

उदाहरणासाठी एक रस्ता घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत. गर्दीच्या १५ मिनिटांत २१० दुचाक्या, ६२ कार, ३४ ऑटो, ३ "आपली बस" (शहर बस), १२ सायकली. भार लावला की १५७.५, ६२, ६८, ६.६ आणि ४.८, बेरीज साधारण २९९. चारने गुणले की तासाला १,१९६ पीसीयू. थांबारेषेपाशी रस्ता ७ मीटर असेल तर सतत हिरवा दिवा ठेवल्यास तासाला किती पीसीयू सुटतील याचा ठोकळ हिशोब आहे रुंदी गुणिले ५२५, म्हणजे ३,६७५. (हे सूत्र साडेपाच मीटर किंवा त्याहून जास्त रुंदीलाच लावायचे.) १,१९६ भागिले ३,६७५ केले की ०.३२५, म्हणजे फेरीचा एवढा भाग हिरवा लागतो. सिग्नलची पूर्ण फेरी १२० सेकंदांची असेल तर या रस्त्याला ३९ सेकंद हिरवा हवा.

आता त्याच कोपऱ्यावर दोन ऑटो सवारी घ्यायला उभे राहिले आणि साडेपाच मीटरच उरले असे धरा. ५२५ गुणिले ५.५ म्हणजे २,८८७. तेवढ्याच वाहनांना आता ०.४१४, म्हणजे जवळपास ५० सेकंद लागतात. दोन ऑटोंनी प्रत्येक फेरीत ११ सेकंद खाल्ले. हे ११ सेकंद दुसऱ्या रस्त्याच्या हिरव्यातून काढावे लागतात, मग तिकडे रांग लागते, मग तिकडचे लोक "सिग्नल वाढवा" म्हणून अर्ज देतात. सिग्नलची वेळ बदलून हे मिटत नाही. ऑटो स्टँड थांबारेषेपासून ५० मीटर मागे नेला की मिटते. तिथल्या ऑटोवाल्यांशी आधी बोला. त्यांना सवारी दिसेल अशी जागा हवी असते, कोपराच हवा असे नसते. सवारी न दिसणाऱ्या जागी स्टँड नेला तर आठवडाभरात ऑटो परत कोपऱ्यावर येतात आणि फलक एकटाच उभा राहतो.

हे गणित नको वाटले तर किमान एक गोष्ट मोजा: २० सलग फेऱ्यांत हिरवा संपताना आधीच्या लालमध्ये थांबलेले वाहन मागे उरले का, हो की नाही. निम्म्याहून जास्त वेळा "हो" आले तर तो रस्ता अपुरा आहे. हा आकडा कोणालाही समजतो, नगरसेवकालाही.

पादचाऱ्यांना विसरू नका. बहुतेक मोजण्यांत त्यांचा रकानाच नसतो. चौकाच्या दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत कोण कुठून ओलांडते ते मोजा. नकाशातली झेब्रा पट्टी एकीकडे आणि लोक ओलांडतात दुसरीकडे, हे शंकरनगर किंवा झाशी राणीसारख्या मेट्रो स्टेशनपाशी अर्ध्या तासात दिसते: जिन्यावरून उतरलेला माणूस सरळ रेषेत ऑटोकडे जातो. तासाला ओलांडणारे गुणिले तासाच्या वाहनसंख्येचा वर्ग (ती संख्या गुणिले तीच संख्या) हा वाहतूक अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. गुणाकार १० कोटींवर, आणि दुभाजक असेल तर २० कोटींवर गेला की सुरक्षित क्रॉसिंगची मागणी पक्की. ३०० माणसे आणि १,२०० वाहने असली तरी तो ४३ कोटी होतो. स्टॉपवॉच लावून पादचाऱ्यांच्या हिरव्याचे सेकंद मोजा आणि रस्त्याची मीटरमधली रुंदी १.२ ने भागा (माणूस सेकंदाला साधारण तेवढे मीटर चालतो). १४ मीटरला १२ सेकंद लागतात, म्हाताऱ्या माणसाला १५ ते १६. सिग्नल ८ सेकंद देत असेल तर मोठ्या अक्षरात लिहा. फुटपाथची मोकळी रुंदी १.८ मीटर आणि काठाची उंची १५ सेंटीमीटरच्या आत हवी. नव्या सिमेंट रस्त्यांमुळे कुठे फुटपाथ रस्त्याच्या खाली गेला असेल तर तेही मोजा, कारण पावसाचे पाणी तिथेच साचते आणि लोक रस्त्यावरून चालतात.

यानंतर कोपऱ्यावरच्या जमिनीकडे वळा. धंतोली-रामदासपेठेत राहायच्या घरांच्या जागी दवाखाने आले तेव्हा गल्ल्या तेवढ्याच राहिल्या, हे सगळ्या शहराने पाहिले आहे. तुमच्या चौकातही कोचिंग क्लास, लग्नाचे लॉन, हॉस्पिटल यांचे फाटक नेमके कुठे उघडते ते पहा. कोंडी ज्या मिनिटाला सुरू होते ते मिनिट आणि क्लास सुटण्याची वेळ शेजारी लिहा. ती जुळली तर चौक रुंद करून काही होणार नाही.

मनपाच्या नगररचना विभागात पैसे भरून विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला मिळतो. त्यावरून कळते की प्लॉट निवासी आहे की व्यावसायिक, आणि शेजारी पार्किंगचे किंवा रस्ता रुंदीकरणाचे आरक्षण आहे का. नागपूरचा आराखडा २००० साली मंजूर झाला. आरक्षणाला १० वर्षे झाली की जमीनमालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. तेव्हा नकाशावर पार्किंग दिसले म्हणून खूश होण्याआधी त्यावर अशी नोटीस आली होती का ते विचारा. जुन्या लेआउटमधल्या प्लॉटचे कागद मनपाऐवजी नासुप्रकडे असण्याची शक्यता बरीच.

इमारतीचे पार्किंग मंजूर नकाशात असते आणि जागेवर तिथे औषधाचे दुकान किंवा गोदाम असते. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) माहिती अधिकारात मागा: जोडपत्र अ हा अर्जाचा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. हॉस्पिटलचे पार्किंग, लॉनचे फाटक आणि खड्डे एकाच अर्जात घातले की तो परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात जास्त एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येते ते प्रमाण) मिळतो, म्हणून तिथे खोदकाम सुरू असलेल्या प्लॉटांची यादीही जोडा. आजची मोजणी दोन वर्षांनी पुरणार नाही.

अर्ज दोन पानांत बसवा. पहिल्यावर चौकाचे हाताने काढलेले चित्र, त्यावर रुंदी, वाहनांचे आकडे, ऑटो कुठे थांबतात त्याची खूण. दुसऱ्यावर तीनच मागण्या: स्टँड कुठून कुठे, पादचाऱ्यांचा हिरवा किती सेकंदांवरून किती, आणि कोणत्या प्लॉटचे पार्किंग तपासायचे. मोजणीचे तक्ते मागे जोडा. उड्डाणपूल मागू नका. वर्धा रोडवरचा छत्रपती चौकातला उड्डाणपूल मेट्रोसाठी २०१६ साली पाडावा लागला होता, हे इथल्या अभियंत्यांना चांगले आठवते.

बदल झाल्यावर तीन आठवडे थांबा, तोवर चालकांना सवय होते. मग त्याच वारी, त्याच तासांत, त्याच गॅलरीतून पुन्हा २० फेऱ्या मोजा आणि आधीच्या तक्त्याच्या शेजारच्या रकान्यात लिहा.