एनसीसीच्या वरिष्ठ कॅडेटने नव्या कॅडेटना कसे शिकवावे

शाळेतील एनसीसीचे (राष्ट्रीय छात्र सेनेचे), म्हणजे मुलांच्या ज्युनिअर डिव्हिजनचे आणि मुलींच्या ज्युनिअर विंगचे, प्रशिक्षण दोन वर्षांचे असल्यामुळे पहिले वर्ष रांगेत काढलेल्या कॅडेटकडे लान्स कॉर्पोरल किंवा कॉर्पोरलची फीत लागताच नव्यांना शिकवण्याचे काम येते. फीत मिळाली म्हणजे हुकूम सोडण्याचा अधिकार मिळाला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आपल्या सेक्शनमधला, म्हणजे छोट्या तुकडीतला, कोणता कॅडेट कुठे अडतो, हे ओळखणे हेच त्या पदाचे पहिले काम होय.

म्हणून पहिल्या काही परेडना सतत समोर उभे राहू नये. हात किती उंच जातो ते बाजूने दिसते आणि टाचा जुळल्या की नाहीत ते मागून. कवायत शिकवताना आधी संपूर्ण कृती स्वतः करून दाखवावी, मग ती ‘गिनती से’, म्हणजे आकडे मोजत टप्प्याटप्प्याने, तोडून करून घ्यावी. सावधानमध्ये पायांच्या पंजांतला कोन 30 अंशांचा आणि विश्राममध्ये पायांतले अंतर 12 इंचांचे, हे एकदा नेमके मोजून दाखवले की ‘थोडे जवळ, थोडे लांब’ असे पुन्हापुन्हा सांगावे लागत नाही.

सर्वांत नाजूक प्रसंग ‘तेज चल’च्या, म्हणजे जलद चालीच्या हुकमाच्या, वेळी येतो. एखाद्या कॅडेटचा उजवा हात उजव्या पायाबरोबरच पुढे जातो, रांगेत खसखस पिकते, तो आपल्या हातांकडे पाहू लागतो आणि चाल आणखी बिघडते. अशा वेळी सर्वांसमोर त्याचे नाव घेऊन ओरडण्यात काहीच साधत नाही. त्याला मैदानाच्या कडेला न्यावे, हात अंगालगत ठेवून फक्त पावले टाकायला लावावीत आणि लय बसल्यावर नजर समोर ठेवून हात मोकळे सोडायला सांगावे. आपण शेजारून त्याच लयीत चालत राहिल्यास चूक बहुधा आपोआप सुटते. सुधारणा दिसताच ‘आता बरोबर’ एवढेच म्हणून त्याला रांगेत परत पाठवावे.

वर्गमित्रच सेक्शनमध्ये असेल तर अवघडलेपण येते. त्यावर सोपा उपाय असा की मैदानावर सर्वांना आडनावाने हाक मारावी, टोपणनावे परेड सुटल्यानंतरसाठी ठेवावीत आणि मित्राचा मळका बेल्ट इतरांच्या बेल्टइतक्याच काटेकोरपणे तपासावा.

शालेय एनसीसीच्या ‘ए’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते, याची आठवण वर्षाच्या सुरुवातीलाच करून द्यावी आणि लागोपाठ दोन परेड चुकवणाऱ्याला एकांतात कारण विचारावे. उत्तरात कधी आजारपण निघते, कधी घरची अडचण, तर कधी कुणी देत असलेला त्रास. शेवटच्या दोन गोष्टी स्वतः सोडवायला जाऊ नये. त्या सहयोगी एनसीसी अधिकाऱ्यांच्या, म्हणजे एएनओंच्या, कानावर त्याच दिवशी घालाव्यात. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे किंवा उन्हात उभे करणे हेही वरिष्ठ कॅडेटच्या अधिकारात नाही, मग आपल्याला कुणी तसे वागवले असले तरीही.

दुसरे वर्ष संपण्याच्या दोन-तीन महिने आधी पहिल्या वर्षाच्या कॅडेटना आळीपाळीने हुकूम द्यायला लावावे. आधीचा शब्द लांबवावा, क्षणभर थांबावे आणि शेवटचा शब्द झटक्यात सोडावा, एवढे समजावून आपण रांगेच्या मागे उभे राहावे. त्याचा हुकूम चुकला तरी परेड संपेपर्यंत मध्ये बोलू नये.