अँटिबायोटिक लागू पडत नाही? या चुका टाळा

"माझ्या शरीराला या गोळीची सवय झालीय, आता ती लागतच नाही," असं पुष्कळजण सांगतात. सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जिवाणू. हा गैरसमज साधा वाटतो, पण त्यापायी माणूस स्वतःच डोस वाढवतो किंवा गोळी बदलतो.

ई. कोलायसारखा जिवाणू पोषक वातावरणात सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. एवढ्या झपाट्यात जनुकांची नक्कल कुठेतरी चुकतेच आणि एखादी चूक जिवाणूच्या पथ्यावर पडते. कुणी औषध तोडणारं एन्झाइम बनवतो, कुणी आत शिरलेलं औषध बाहेर फेकतो, तर कुणी औषध चिकटण्याची जागाच बदलतो. पेनिसिलिन निकामी करणारं एन्झाइम 1940 मध्येच नोंदवलं गेलं, म्हणजे ते औषध सर्रास वापरात येण्याआधी! अँटिबायोटिकने साधे जिवाणू मरतात आणि मोकळं रान या चिवट जिवाणूंना मिळतं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे साध्या सर्दीला किंवा फ्लूला अँटिबायोटिक घेणं. हे आजार विषाणूंचे, त्यांच्यावर ते चालत नाही. "घेतलं तर बिघडलं कुठे?" आतड्यात बिघडतं. तिथल्या निरुपद्रवी जिवाणूंनाही औषधाचा मारा बसतो आणि तगून राहतात ते प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे. त्यांची प्रतिरोधाची जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात आणि हे कडं एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. आतड्यातले जिवाणू लघवीच्या मार्गातही शिरू शकतात, म्हणून सर्दीसाठी घेतलेल्या गोळीचा हिशेब पुढे लघवीच्या संसर्गात चुकवावा लागू शकतो.

उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नका, कुणाला देऊही नका. कोर्स किती दिवसांचा, हे डॉक्टरांनी ठरवायचं. काही संसर्गांना थोडे दिवस पुरतात, क्षयरोगाला मात्र महिनोन्महिने लागतात. बरं वाटलं म्हणून मधेच थांबू नये, तसा कोर्स मनाने लांबवूही नये.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना कळवा. धाप, गुंगी किंवा प्रकृती ढासळत असेल तर तेवढंही थांबू नका. दरवेळी दोष प्रतिरोधाचाच असतो असं नाही: निदान चुकलेलं असतं किंवा आत पू साठलेला असतो. कल्चर तपासणीने, म्हणजे लघवी, रक्त अशा नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून, कोणतं औषध चालेल ते कळतं. जमेल तिथे नमुना पहिल्या डोसआधी द्या, कारण नंतर जिवाणू वाढतीलच असं नाही. गेल्या काही महिन्यांत कोणती अँटिबायोटिक घेतली, तेही न विसरता सांगा.